उंदरानं माउसची वायर खाल्ली, नवा माउस विंडोज ७ वर लागून नाही राह्यला

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, घराच्या पुढच्या खोलीत माह्यं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच खोलीत मागच्या बाजूला सोयाबीनचे कट्टे ठेवले होते तर उंदरानं माउसची वायरच कुरतडून टाकली. म्हटलं आता वायरचं झंझटच नको, यवतमाळले गेलो तर वायरलेस माउस घेऊन आलो. डब्यावर विंडोज १०, ११ आणि मॅक लिहून आहे, माह्या पीसीवर विंडोज ७. दुकानदार म्हणे, लागते न, सगळ्याले लागते. घरी येऊन पाह्यतो तर तो ब्लूटूथवर चालते, अन पीसीत ब्लूटूथच नाही. मंग ब्लूटूथचं डोंगल, यूएसबीत खोचायचा तो बारका तुकडा, ऑनलाइन मागवलं, ते लागलं, दिसतेबी, पण माउस काही केल्या जुळून नाही राह्यला. भाच्याच्या लॅपटॉपवर दोन मिनटात चालला. एक जण म्हणते नेटवरून ड्रायव्हर टाक, दुसरा म्हणते विंडोज काढून लिनक्स टाक. काय करू?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, माउस चांगला आहे, डोंगलही चांगलं आहे, फक्त दोघं बोलतात ती भाषा तुमच्या विंडोज ७ ले समजत नाही.

वायरलेस माउस दोन जातीचे असतात आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. एका जातीत माउससोबत त्याचं स्वतःचं नखाएवढं डोंगल येतं. हे डोंगल म्हणजे बाजार समितीतला अडत्या समजा. माउसचा अन त्याचा जो काही व्यवहार आहे तो २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर त्यांच्यातच होतो, कॉम्प्युटरचा संबंध फक्त अडत्याशी, आणि अडत्या त्याला सांगतो की मी साधा यूएसबी माउस आहे. कॉम्प्युटरला माहीतही नसतं की पलीकडे वायर नाही. साध्या यूएसबी माउसचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवायचं छोटं सॉफ्टवेअर, विंडोज ७ मधे आधीच असतो, त्याआधीच्या विंडोज एक्सपीत होता, लिनक्समधे आहे, म्हणून असा माउस डब्यावर काहीही लिहिलेलं असो, बहुतेक लागतोच. डब्यावर जी यादी असते ती कंपनीनं कशावर तपासलं अन तिचं ज्यादा बटनांचं सॉफ्टवेअर कशावर चालतं त्याची असते.

तुमचा माउस दुसऱ्या जातीचा. ब्लूटूथमधे मधला अडत्या नाही, थेट सौदा, म्हणजे ती भाषा ऑपरेटिंग सिस्टिमलाच, तुमच्याकडे विंडोजलाच, यावी लागते. आजकालचे बरेच माउस ब्लूटूथचा कमी बॅटरी खाणारा प्रकार वापरतात, लो एनर्जी म्हणतात त्याला, तो ब्लूटूथ ४.० सोबत २०१० मधे आला. विंडोज ७ आलं २००९ मधे. विंडोजला हा प्रकार कळायला लागला तो विंडोज ८ पासून, २०१२ मधे. म्हणून तुम्ही डोंगल ४.० चं घ्या नाहीतर ५.० चं, विंडोज ७ त्याला ओळखेल, पण असा माउस त्याला दिसणार नाही. भाच्याचा लॅपटॉप नवा असेल म्हणून तिथं चालला.

आता करायचं काय, तर पैसे खर्च करायच्या आधी माउस उलटा करून बॅटरीचं झाकण उघडा. हसू नका, कित्येक माउस दोन्ही जातीचे असतात आणि डोंगल त्या झाकणाखाली खोबणीत लपवलेलं असतं, लोक ते न पाहताच डबा फेकतात. खाली २.४ आणि ब्लूटूथ असं बदलायचं बटन असेल तर हमखास असेल. सापडलं तर लावा, मात्र मागच्या काळ्या पोर्टमधे. निळा पोर्ट यूएसबी ३ चा असतो आणि विंडोज ७ मधे त्याचा ड्रायव्हर मुळातून नाही, कोणी वेगळा टाकला नसेल तर निळ्यात काहीच चालत नाही अन माणूस उगाच माउसले शिव्या देते.

नाही सापडलं तर बिल घेऊन जा, बदलून डोंगलवाला घ्या. नाही बदलला तर भाच्याला देऊन टाका, कामी येईल.

नेटवरचा ड्रायव्हर मात्र बिलकुल नको. डोंगलवाल्या माउसले वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, आणि त्या नावाखाली काय उतरेल सांगता येत नाही. तुमच्या पीसीत गावभराचे आधार, पासबुक, सातबारा स्कॅन करून ठेवलेले असतील. आणि विषय निघालाच आहे तर, विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ले बंद झाले, तेव्हा माउसपेक्षा मोठी काळजी ही आहे भाऊ.

लिनक्सवाल्याचं म्हणणं चुकीचं नाही, त्यात हा माउस चालायची आशा बरीच आहे. पण घाई नको. लिनक्स मिंट, हा लिनक्सचाच एक प्रकार, पेनड्राइव्हवर टाकून तिथूनच पीसी सुरू करता येतो, हार्डडिस्कला हात न लावता, तेवढ्यात माउस जुळतो का पाहून घ्या. जुळला तरी अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजचं असेल तर ते लिनक्सवर तसंच्या तसं चालणार नाही, आणि तुमचं अर्धं दुकान त्या अंगठ्यावरच असेल.

तोवर गिऱ्हाईक थांबलं असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विचारलं तर हो म्हणा, उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलते, ५ दाबलं की क्लिक. हळू आहे पण फॉर्म भरून होतो. आणि कट्टे दुसऱ्या खोलीत हलवा बाप्पा, कीबोर्डलेही वायर आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत कॉम्प्युटर उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर आहेत. दहा वायरलेस माउस मिळाले, सोबतची फाइल उघडत नाही, आणि एका पीसीवर हार्डडिस्क लावली की माउस अडखळतो, उड्या मारतो. पोरं म्हणतात माउसले झटके येऊन राह्यले.
– एक शिक्षिका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : ताई, ती फाइल विंडोजची आहे, सोडून द्या. दोन बटनं अन चाक त्याच्याशिवाय चालतात.

झटक्याचं कारण मजेदार आहे. यूएसबी ३ ची हार्डडिस्क चालू असली की तिच्या वायरीतून अन पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो, नेमका जिथं तुमचा माउस बोलतो. इंटेलनं २०१२ मधेच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डोंगल हार्डडिस्कच्या शेजारून काढून पुढच्या पोर्टमधे लावा, नाहीतर हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या.

आणि आजच एक काम करा, प्रत्येक माउसवर अन त्याच्या डोंगलवर नेलपॉलिशनं सारखाच आकडा टाका. दहा डोंगल एकदा मिसळले की कोणतं कोणाचं हे शोधण्यातच तास जाते.

प्रश्न : डोंगल हरवलं, त्याच कंपनीचं दुसरं चालेल का?
– एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : स्वस्तातल्या माउसचं सहसा नाही, ती जोडी कारखान्यातूनच बांधून येते. लॉजिटेकच्या युनिफाइंगवाल्या माउसले, ज्यावर नारंगी चांदणीसारखी खूण असते, त्या खुणेचं दुसरं डोंगल चालतं, एका डोंगलवर ६ वस्तू जुळतात, आणि लिनक्सवर ती जुळवणी सोलार नावाच्या सॉफ्टवेअरनं होते. पण आधी पँटचे खिसे पाहा, धुवायला टाकायच्या आधी.