दगडाखाली मेफ्लाय सापडले म्हणजे ओढ्याचं पाणी चांगलं का?

तुमचा प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावालगतच्या ओढ्यात दगड उचलल्यावर तीन शेपट्यांचे चपटे किडे दिसले. ते मेफ्लाय (पिल्लं पाण्यात वाढणारे नाजूक उडते कीटक) असतील तर पाणी स्वच्छ धरायचं का, आणि शाळेतल्या मुलांकडून ही तपासणी कशी करून घ्यायची?

आधी ओळख पक्की करा. नुसत्या तीन शेपट्यांवर विसंबू नका. टाचणी या चतुरासारख्या बारीक कीटकाच्या पिल्लालाही मागं तीन असतात, पण त्या पानासारख्या पसरट असतात आणि ते खरं तर तिचे कल्ले. मेफ्लायच्या शेपट्या दोऱ्यासारख्या बारीक, आणि कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ते हलताना दिसतात. स्टोनफ्लाय हा दगडांखाली राहणारा दुसरा कीटक, त्याच्या पिल्लाला शेपट्या दोन. मात्र काही मेफ्लायनाही दोनच असतात, अशा वेळी पाय बघा: पायाच्या टोकाला एक नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय.

मेफ्लाय आहे एवढं कळून भागत नाही, कुठला ते पाहावं लागतं. तुम्ही चपटे म्हणताय आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतील, तर ते बहुधा हेप्टाजेनिइडी कुळातले. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे हे कीटक प्रदूषणाला लगेच बळी पडतात. पण बेटिडी कुळातली पिल्लं, म्हणजे सडपातळ आणि माशासारखी झपकन पोहणारी, बऱ्यापैकी घाण सोसतात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या, सापडलेल्या किड्यांच्या कुळांवरून पाण्याला गुण देणाऱ्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत हेप्टाजेनिइडीला 10 गुण आहेत आणि बेटिडीला 4. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही हीच पद्धत बदल करून घेतली आहे.

आता नमुना. त्यासाठी गुडघ्याच्या खाली पाणी असलेली, गोट्यांवरून खळाळणारी जागा निवडा. डोहात मेफ्लाय कमी मिळतात, म्हणून फक्त डोहात जाळी बुडवून 'पाणी खराब' म्हणणं चुकीचं. एक मीटर लांबीरुंदीची नायलॉन जाळी दोन बांबूंना बांधा. छिद्रं अर्ध्या मिलिमीटरची हवीत. मच्छरदाणीच्या कापडातून बारीक पिल्लं निसटतात, दुसरं काही नसेल तर ते दुहेरी घ्या. एकानं जाळी प्रवाहाला आडवी धरायची, खालची कड तळाला टेकलेली. दुसऱ्यानं तिच्या वरच्या अंगाला उभं राहून पायानं गोटे हलवायचे, मोठे दगड हातानं चोळायचे. एकूण 3 मिनिटं, घड्याळ लावून. त्याच ओढ्यात दोन जागा घेणार असाल तर आधी खालची करा, मग वरची, म्हणजे वर उडालेला गाळ खालच्या नमुन्यात येत नाही.

जाळी पांढऱ्या टबात दोन बोटं ओढ्याचंच पाणी घेऊन उलटी करा आणि मिनिटभर थांबा. किडे हलायला लागले की दिसतात. प्लास्टिकचा चमचा आणि मऊ ब्रश वापरा. बोटांनी उचलू नका, शेपट्या तुटतात, आणि पाठीवर पोहणारे किडे व मोठे पाणढेकूण कडाडून चावतात. टब सावलीत ठेवा. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. उन्हात तापलेल्या टबात सगळ्यात आधी हेप्टाजेनिइडी आणि स्टोनफ्लायच मरतात. मोजणी झाली की सगळे परत सोडा आणि उचललेले दगड होते तसे पालथे ठेवा.

गुण देताना प्रत्येक कुळ एकदाच धरायचं, किडे दहा असोत की दोनशे. समजा वरच्या जागेला हेप्टाजेनिइडी 10, लेप्टोफ्लेबिइडी हे मेफ्लायचंच आणखी एक कुळ 10, पर्लिडी या स्टोनफ्लायना 10, जाळं विणणाऱ्या हायड्रोसायकिडी कॅडिस किड्यांच्या अळ्यांना 5, बेटिडी 4 आणि कायरोनोमिडी (डासासारख्या, न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या) 2 मिळाले. बेरीज 41, कुळं 6, सरासरी 6.8. गावाखाली फक्त बेटिडी 4, कायरोनोमिडी 2 आणि गाळातले गांडुळासारखे किडे 1 मिळाले तर 7 भागिले 3, म्हणजे 2.3. हे आकडे नुसते उदाहरणादाखल. गुण मुळात ब्रिटनच्या नद्यांसाठी ठरवलेले असल्यानं एका जागेच्या सरासरीला माझ्या मते फारसा अर्थ नाही. एकाच दिवशी, एकाच ओढ्यावर, गावाच्या वर आणि खाली आलेला फरक मात्र खरा पुरावा असतो. कणकुंबीच्या जंगलातल्या ओढ्याची तुलना सौंदत्तीकडच्या उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्याशी करू नका. तिकडं स्टोनफ्लाय नसणं म्हणजे प्रदूषण असंच नव्हे.

वेळ दसऱ्यानंतरची, पाणी निवळल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर पुरानं तळच ढवळून निघतो, आणि मुलांना तेव्हा पाण्यात उतरवूच नये. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

खालच्या जागेला चपटे मेफ्लाय नाहीत असं दिसलं तर कारण शोधताना तळ आधी बघा. वाळू उपसलेल्या किंवा नांगरटीची माती उतरलेल्या ओढ्यात गोट्यांमधल्या फटी गाळानं बुजतात. पाणी तपासणीत चांगलं आलं तरी किड्यांना राहायला जागाच उरत नाही. तळ स्वच्छ आहे आणि तरी मेफ्लाय नाहीत, पण गोगलगायी आणि गांडुळासारखे किडे आहेत, तर फवारणीचे पंप कुठं धुतले जातात ते विचारा. इमिडाक्लोप्रिड किंवा पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची अगदी थोडी मात्राही मेफ्लायना पुरते. आणि तळाला लालभडक अळ्या गचागच असतील तर सांडपाणी येतंय: त्या कायरोनोमिडीच, अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे कमी ऑक्सिजनमध्ये तगतात.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. हे किडे ऑक्सिजन, गाळ आणि विषाबद्दल बोलतात, रोगजंतूंबद्दल नाही. जनावरं उतरणाऱ्या ओढ्यातही हेप्टाजेनिइडी सापडू शकतात. सरासरी कितीही चांगली आली तरी पिण्याचं पाणी उकळूनच प्या, आणि विहिरीचा निर्णय प्रयोगशाळेतल्या जंतुतपासणीवर घ्या.