दोन स्टॉपर बाहेर असताना

वडोदरा, नवरात्राची पाचवी माळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा खाली गरबा इतक्या जोरात चालला होता की तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. पण मुख्य गोष्ट कळली. तुझ्या संघाचे फुटबॉल लीगचे दोनच सामने झाले आणि तुझे दोन्ही स्टॉपर, बचावाच्या मधले दोघे, बाहेर. त्यातल्या मोठ्यानं शेवटचा माणूस असताना गोलकडे सुटलेल्या पोराचा शर्ट ओढला, सरळ लाल कार्ड. धाकट्याला दोन पिवळी, आणि त्यातलं दुसरं शिट्टी झाल्यावर चेंडू लाथाडल्याबद्दल. रविवारी पोलो ग्राउंडवर सामना. तुला झोप लागली नसणार. मलाही लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालास, राइट बॅकला, म्हणजे उजव्या बचावपटूला, मध्ये घेतो, मधल्या फळीतल्या हाफला राइट बॅक करतो आणि कडेनं चढाई करणाऱ्या विंगरला मागे ओढतो. हे करू नकोस रे. मी केलंय. संघ हातात आला त्या पहिल्याच हंगामात माझा स्टॉपर तिसऱ्या सामन्यात बाहेर होता. मी एकाची जागा भरायला चौघांना हलवलं. कागदावर फार छान दिसत होतं. चार गोल खाल्ले. तिसरा गोल अजून डोळ्यांसमोर आहे. साधा थ्रो-इन, आणि माझी तीन पोरं चेंडूकडे न बघता एकमेकांकडे बघत उभी, की हा कुणाचा. त्या वेळी बाकावर एक सोळा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याची जागा स्टॉपरचीच. सामनाभर तो बुटांच्या नाड्या सोडत होता आणि बांधत होता. मला त्याचा भरवसा वाटला नव्हता. पुढच्या वर्षी तो फुटबॉल सोडून गेला. हरलेला सामना मी विसरलो, त्या नाड्या नाही विसरलो.

तेव्हा दोन गेले तर दोनच बदल. बाकीचे नऊ जिथे आहेत तिथेच राहू देत. मांडवीचा तो सतरा वर्षांचा मुलगा घे, आणि त्याच्या शेजारी मकरपुऱ्यात शिफ्ट करणारा तुझा जुना माणूस. तो धावत नाही, मान्य. पण तो बोलतो. नव्या पोराला शेजारी वेगवान जोडीदार नको असतो. 'डावीकडे बघ', 'थांब', 'आता जा' असं नव्वद मिनिटं सांगणारा आवाज हवा असतो. पोराचे पाय आणि त्याचा आवाज, तुझं काम होईल.

मात्र या जोडीला मैदानाच्या मध्यापर्यंत चढवू नकोस. पाठीमागे मोकळं मैदान राहिलं तर तुझा जुना माणूस पहिल्याच लांब चेंडूत उघडा पडेल. पेनल्टी बॉक्सच्या पुढे दहा-बारा पावलांवर उभे कर. ऑफसाइड ट्रॅप, म्हणजे सगळ्यांनी एकदम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडणं, ते तर विसरच, तो जुळायला महिने जातात आणि तुझ्याकडे सरावाचे तीन दिवस आहेत. दोन्ही साइड बॅक एकदम वर जाणार नाहीत, एक गेला की दुसरा थांबेल. मधल्या हाफला सांग की या रविवारी गोल करायला जायचं नाही, स्टॉपरच्या पुढ्यात उभं राहायचं. त्याला राग येईल. येऊ दे.

१९९८ च्या वर्ल्ड कपची गोष्ट तुला ठाऊक असेल. उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध फ्रान्सचा स्टॉपर लॉराँ ब्लाँ याला लाल कार्ड मिळालं आणि त्याची फायनल गेली. राइट बॅक थुराम मध्ये खेळू शकत होता. पण प्रशिक्षक एमे जाके यांनी त्याला उजवीकडेच ठेवलं आणि बाकावरच्या फ्रँक लबफला दुसरा स्टॉपर मार्सेल देसायीच्या शेजारी उभं केलं. समोर ब्राझीलचा रोनाल्डो. १२ जुलैला फ्रान्स ३-० जिंकलं. लबफचं नाव लोक विसरतात याचं मला वाईट वाटतं.

तू म्हणशील, २०१४ च्या वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलनंही हेच केलं, कार्डांमुळे बाहेर बसलेल्या स्टॉपर थियागो सिल्वाच्या जागी दान्ते, आणि जर्मनीकडून ७-१ खाल्ले. बरोबर आहे. नेमार जखमी होता हेही खरं. पण मला विचारशील तर घोटाळा नव्या माणसाचा नव्हता, त्याच्या शेजारच्याचा होता. कप्तान डेव्हिड लुईझ पुन्हा पुन्हा जागा सोडून पुढे जात राहिला. २३ व्या ते २९ व्या मिनिटात चार गोल झाले. म्हणून रविवारी तुझी नजर त्या सतरा वर्षांच्या मुलावर नको, त्याच्या आजूबाजूच्या जुन्यांवर हवी. त्याला सांभाळायच्या नादात तेच जागा सोडतील. आणि सिल्वाचं ते पिवळं कार्ड कशाबद्दल होतं, आठवतं? आधीच्या सामन्यात कोलंबियाचा गोली चेंडू मारत असताना मध्ये आल्याबद्दल. ब्राझील तेव्हा पुढे होतं, काही गरज नव्हती. तुझ्या धाकट्याला हे सांग.

त्याच्यावर ओरडू मात्र नकोस. हंगामाच्या सुरुवातीला पाय खुललेले नसतात. डोक्याला चेंडू दिसतो, पाय अर्धा क्षण उशिरा पोचतो, आणि टॅकल चेंडूऐवजी नडगीवर बसते. त्यात आपल्याकडे लीग नवरात्रात. मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळलेला मुलगा सकाळी सहाला स्टॉपर कसा खेळणार? गरबा बंद करू नकोस, या गावात तो कुणाला बंद करता आलेला नाही. सामन्याच्या आदल्या रात्री मात्र अकराला घरी, एवढं पक्कं कर.

बाहेर बसलेले दोघे रोज सरावाला आलेच पाहिजेत. सरावात त्यांना समोरच्या संघाचे फॉरवर्ड कर आणि नव्या जोडीवर सोड. आपल्या जागेत कुठे भोक पडतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. रविवारी त्यांना बाकावर बसवू नकोस, ते नियमात बसत नाही. गोलमागच्या गर्दीत उभे राहू देत. लाल कार्डवाल्याला किती सामने बसावं लागेल ते शिस्त समितीच्या पत्रात येईल, ते हातात आल्याशिवाय त्याला खेळवायचा विचारही नको. आणि प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डांची वही आजपासून घाल. किती कार्डांवर सामना जातो ते प्रत्येक लीगचं वेगळं असतं. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत ५ झाली की एक सामना जातो. आपल्या लीगचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिही.

एक राहिलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त खातंय. तुझे दोन्ही स्टॉपर संघातले सगळ्यात उंच. ते गेले म्हणजे कॉर्नरवर डोक्यानं चेंडू काढणारे दोघे गेले. हे फोनवर तू बोललाच नाहीस. जवळच्या पोस्टवर कोण, त्यांच्या उंच फॉरवर्डला कोण धरणार, गोलीसमोर कोण, हे आज रात्री नावं घालून कागदावर लिही. तुझा सेंटर फॉरवर्ड उंच आहे, त्याला प्रत्येक कॉर्नरला मागे बोलाव. शनिवारी सकाळी मी मैदानावर येतो, आपण वीस कॉर्नर मारून बघू. डावीकडून दहा, उजवीकडून दहा. कागद विसरू नकोस.

तुझा काका