विचारा तर खरं : खपात पहिला, म्हणून पुढारी?

प्रश्न : कोथरूडला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यात बोर्डगेम्सचा एक रॅक टाकलाय. वितरक म्हणतो, निम्मा रॅक 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या पाकिटांनी भरा, तो काढणारी कंपनी या धंद्यातली लीडर आहे. भरावा का?

उत्तर : खप मोठा आहे, त्यात वाद नाही. पण खप म्हणजे पुढारपण नव्हे. विझार्ड्स ऑफ द कोस्टनं १९९३ मध्ये 'मॅजिक' आणलं तेव्हा ती लहानशी कंपनी होती, तरी आत कोणते पत्ते आहेत हे न सांगता बंद पाकिटं विकण्याची तिची रीत सगळ्यांनी उचलली. २००० मध्ये तिनं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या पात्रं रंगवून खेळायच्या खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्यावर, म्हणजे इतरांनाही वापरता येतील असे, दिले. लहान प्रकाशकांनी त्यावर पुस्तकं काढली आणि ती खेळायला मूळ पुस्तक लागतंच, म्हणून तेही खपलं. याला पुढारपण म्हणायचं. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीला तिनं कडक परवाना लावला. लगेच २००९ मध्ये पायझो या प्रकाशकानं जुन्याच खुल्या नियमांवर 'पाथफाइंडर' हा प्रतिस्पर्धी खेळ उभा केला. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा मागितला होता. इतकी ओरड झाली, की महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेतली. या सगळ्यात रॅकवर वजन तिचंच होतं, पण बाकीच्यांची मागून चालायची तयारी राहिली नव्हती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निम्मा रॅक नको. पाकिटं टेबलाभोवती खपतात. आठ जणांच्या ड्राफ्टला (पाकिटं फोडून, त्यातले पत्ते आळीपाळीनं निवडून खेळायचा डाव) माणशी तीन, म्हणजे २४ पाकिटं लागतात. महिन्यात असे किती डाव दुकानात बसवता येतील तेवढ्या हिशेबानंच माल घ्या. 'स्टँडर्ड' या, फक्त अलीकडचे संच चालणाऱ्या खेळप्रकारातून संच तीनेक वर्षांत बाद होतो, मग पडून राहिलेल्या पाकिटांना भाव मिळेलच असं नाही. न विकलेला माल परत घेणार का, हे वितरकाकडून लिहून घ्या. बहुतेक तिथेच बोलणी थांबतात. आणि जुलैत जपा : फॉइलच्या पत्त्यात कागद दमट हवा पितो, चकाकता थर पीत नाही, म्हणून पत्ता पन्हाळीसारखा वाकतो. सुटे पत्ते सिलिका जेलची पुडी टाकून बंद डब्यात ठेवा.

वहीत दोनच रकाने आखा : गिऱ्हाईक पहिल्यांदा काय घेऊन गेलं आणि दुसऱ्यांदा कशासाठी आलं. दुसऱ्या रकान्यात ज्याचं नाव वारंवार दिसेल, त्याला रॅकवर जागा वाढवून द्या.

प्रश्न : डी अँड डीच्या नियमांवर मराठीत साहस, म्हणजे खेळायची तयार कथा, लिहून, सोबत ५४ पत्ते देऊन विकायचंय. कंपनी अडवेल का? (सदाशिव पेठ)

उत्तर : पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ हा मूळ नियमांचा दस्तऐवज २०२३च्या त्या माघारीतच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बीवाय ४.०', म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावा अशा परवान्यावर आला. तो परत घेता येत नाही. त्यात दिलेला श्रेयाचा मजकूर जसाच्या तसा छापा आणि भाषांतर केलंय, बदल केलेत, हेही लिहा. मुखपृष्ठावर त्यांचा लोगो नको, त्यांच्या जगातली पात्रं आणि गावं नकोत. 'पाचव्या आवृत्तीशी जुळणारे' एवढं चालतं.

पत्ता ६३ बाय ८८ मिमीचा घ्या, म्हणजे बाजारातली स्लीव्ह (पत्त्यावर चढवायचं प्लास्टिकचं कव्हर) बसते. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरलं की ६९ बाय ९४ होतो. ए४वर असे नऊ पत्ते कागदावर बसतात, पण कडेला दीड मिमीच उरतो आणि प्रिंटर तिथे छापत नाही. १२ बाय १८ इंची शीटवर आडवे लावले तर १८ बसतात, म्हणजे तीन शीटमध्ये ५४. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डिजिटल छपाईवाल्याकडे ३०० जीएसएमचा जाड कागद मागा. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना सांगा. पैसे वाचवायला एकाच बाजूला केलंत तर गठ्ठा चार दिवसांत कमान धरतो. आधी एकच संच काढा, पिसून बघा, पाठ उजेडात धरा. आरपार अक्षर दिसलं तर कागद बदला.