जुन्या थारला ‘टेरेन मोड’चा नॉब बसवता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे २०२१ मधली डिझेल, मॅन्युअल गिअरची थार फोर बाय फोर आहे. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या शेतावर जाताना चिखलातून गाडी काढावी लागते आणि अधूनमधून कोकणात उतरणेही होते. नव्या थार रॉक्सच्या फोर बाय फोर गाडीत स्नो, सँड आणि मड असे मोड निवडता येतात. आमच्या शहरातील एका ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने तसाच नॉब आणि सोबत एक छोटा बॉक्स बसवून देतो, म्हणजे तुमच्या गाडीलाही ते मोड येतील, असे सांगितले आहे. करून घ्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करून घेऊ नये. दुकानदार बसवून देईल तो नॉब फिरेल, त्याचा दिवाही लागेल, पण रॉक्समध्ये मोड बदलल्यावर जे घडते ते तुमच्या गाडीत घडणार नाही. दारावर घंटेचे बटण बसवले आणि आत घंटाच नसली, तर जे होईल तेच येथे होईल.

मोड निवडणे म्हणजे गाडीतल्या अनेक संगणकांना एकाच वेळी वागणूक बदलायला सांगणे. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ या गाडीत ‘टेरेन रिस्पॉन्स’ नावाने ही कल्पना आणली, आणि तेव्हापासून बहुतेक कंपन्यांच्या मोडमागचे तत्त्व तेच राहिले आहे. नॉब फिरवला की गाडीच्या अंतर्गत जाळ्यावरून, म्हणजे ‘कॅन’वरून, इंजिन, ब्रेक, ईएसपी (गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा) आणि ऑटोमॅटिक असल्यास गिअरबॉक्स, या सर्वांच्या नियंत्रकांकडे एक संदेश जातो. वाळूचा मोड असेल तर इंजिन ॲक्सिलरेटरला चटकन प्रतिसाद देते, गिअरबॉक्स वरचा गिअर टाकण्याची घाई करत नाही आणि चाकांचे जागच्या जागी फिरणे आवरणारे ट्रॅक्शन कंट्रोल चाके थोडी फिरू देते, कारण वाळूत गती तुटली की गाडी रुतते. बर्फाच्या मोडमध्ये याच्या बरोबर उलट, ॲक्सिलरेटर मुद्दाम मंद केलेला असतो. चिखलात टायरच्या खाचांमधला गाळ झटकला जावा म्हणून चाकांना काही प्रमाणात घसरू दिले जाते. हे सारे आकडे कंपनीने त्या विशिष्ट गाडीच्या चाचण्या घेऊन प्रत्येक नियंत्रकात आधीच भरून ठेवलेले असतात. तुमच्या थारच्या नियंत्रकांमध्ये ते भरलेलेच नाहीत, त्यामुळे बाहेरून कोणी संदेश पाठवला तरी तो समजून घेणारे आत कोणी नाही.

यंत्ररचनेतही फरक आहे. तुमच्या गाडीत टू-हाय (दोनच चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), न्यूट्रल आणि फोर-लो (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर) हे हाताने ओढायच्या दांडीवर चालते, तर रॉक्समध्ये हेच काम विजेच्या मोटरने होते आणि मागच्या आसाचे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जोडणी, बटणाने लॉक करता येते. दांडीला संगणकाचा हुकूम कळत नाही. ही उणीव आहे असे मात्र मला वाटत नाही. शेताच्या वाटेवर, जेथे मेकॅनिक यायला अर्धा दिवस लागेल, तेथे हाताला थेट जाणवणारी दांडी ही मोठी सोय आहे.

मग त्या छोट्या बॉक्सचे काय? तो बहुधा ‘थ्रॉटल कंट्रोलर’ असावा. ॲक्सिलरेटरच्या पेडलवरचा सेन्सर आणि गाडीचे वायरिंग यांच्या मध्ये तो जोडला जातो, आणि पेडल प्रत्यक्षात जितके दाबले त्यापेक्षा कमी किंवा जास्त दाबल्याचे इंजिनाला भासवतो. त्याचा उपयोग अगदीच नाही असे नाही. मंद स्थितीत ठेवल्यास दगडांवरून जाताना पाय हिसकला तरी गाडी झेप घेत नाही. पण ब्रेक, ईएसपी किंवा डिफरन्शियल यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. शिवाय पेडलमध्ये सुरक्षेसाठी दोन सेन्सर असतात. त्या दोघांचे संकेत जुळेनासे झाले, तर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते, म्हणजे जेमतेम रांगण्यापुरती ताकद देते. हे घाटात घडू नये. अशा जोडणीमुळे बिघाड झाला असे दिसले, तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

नियंत्रक तेच, सॉफ्टवेअर तेच आणि वरच्या मॉडेलमध्ये ती सोय उपलब्ध, अशा गाडीत कंपनीच्या निदान-यंत्राने ती चालू करून मूळ स्विच बसवणे शक्य असते. त्यासाठी दोन्ही गाड्यांच्या नियंत्रकांचे पार्ट नंबर जुळले पाहिजेत. तुमची थार आणि रॉक्स या बाबतीत वेगळ्या गाड्या आहेत.

आता जे खरोखर हवे आहे, ते तुमच्याजवळ कितपत आहे ते पाहू. पहिली गोष्ट, मागच्या आसाला एमएलडी, म्हणजे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल, आहे का ते कागदपत्रांवरून तपासा, कारण थारच्या काही प्रकारांतच ते होते. ते असेल तर डाव्या-उजव्या चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडताच ते आपोआप जोडले जाते आणि वेग वाढल्यावर सुटते. येथे एक चूक फार जण करतात. एक चाक मोकळे फिरू लागले की घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात, आणि लॉक जोडला जाण्याच्या क्षणीच फरक नाहीसा होतो. गाडीत ब्रेकवर चालणारे ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर त्याचेही असेच. पुढच्या चाकाकडून कट-कट-कट असा आवाज येतो तो बिघाडाचा नसून मोकळ्या चाकाला ब्रेक लावला जात असल्याचा असतो. अशा वेळी पाय न हलवता ॲक्सिलरेटर एका जागी स्थिर धरावा. दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या चाकाकडे जोर जातो आणि गाडी पुढे सरकते.

दुसरी गोष्ट टायरमधली हवा. कोणत्याही मोडपेक्षा तिचा परिणाम मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे. मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायर लांबट पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. मात्र तेवढ्या हवेवर वेगाने वळू नये, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा भरलीच पाहिजे. त्यासाठी बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर आणि गेज घ्यावा. नॉबचे पैसे तेथे खर्च झाले तर सार्थकी लागतील. वाळूत ईएसपीचे बटण दाबून ते बंद ठेवावे, नाहीतर चाक घसरताच इंजिनाची ताकद कापली जाते. आणि कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून चालवू नये, कारण या रचनेत पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात आणि वळणावर त्यांच्यात ताण साठतो.

कोकणात उतरण्याचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात, आणि गाडीच्या चाकाखाली ती घरटी दबून जातात. वरून पाहताना काहीही दिसत नाही. गोव्यात तर किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदीच आहे. वाळूचा सराव करायचा असेल तर तो किनाऱ्यावर नको.

प्रश्न : माझ्या डिझेल हॅरिअरमध्ये ‘रफ’ आणि ‘वेट’ हे मोड आहेत. म्हणजे तिला फोर व्हील ड्राइव्हची थोडीफार जोड आहे का, आणि नसल्यास ती बसवता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. ती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे आणि हे मोड मुख्यतः ईएसपीच्या आधारे घसरणे आवरतात. मागच्या आसाला ताकद नेणारी सामग्रीच तिच्यात नाही, आणि ती बाहेरून बसवणे म्हणजे नवी गाडी बांधण्याइतके काम आहे. २०२५ मध्ये आलेल्या विजेवरच्या हॅरिअरच्या फोर व्हील ड्राइव्ह प्रकारात पुढे आणि मागे स्वतंत्र मोटर देऊन हा प्रश्न सोडवला आहे, पण त्याचा तुमच्या गाडीला उपयोग नाही.

प्रश्न : जिमनीला पुढे-मागे एअर लॉकर बसवून घेत आहे. डॅशबोर्डवर त्यांची बटणे कशी जोडावीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही जोड मात्र खरी आहे, कारण येथे बटणामागे प्रत्यक्ष यंत्र आहे. कॉम्प्रेसरने साठवलेली हवा सोलेनॉइड झडपेतून, म्हणजे विजेने उघडणाऱ्या झडपेतून, डिफरन्शियलमध्ये जाते आणि दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरू लागतात.

कॉम्प्रेसर भरपूर करंट ओढतो, म्हणून त्याची वायर डॅशबोर्डच्या बटणातून नेऊ नये. बॅटरीजवळ फ्यूज, तेथून रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि बटणाने फक्त रिले चालवावा. तीन बटणे लागतील : कॉम्प्रेसर, मागचा लॉकर, पुढचा लॉकर. पुढच्या लॉकरचा पुरवठा मागच्या लॉकरच्या बटणातून घ्यावा, म्हणजे मागचा चालू नसताना पुढचा लागणारच नाही. पुढचा लॉकर लागला की स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. त्यामुळे कड्याच्या बाजूच्या वाटेवर तो चुकून लागणे धोक्याचे आहे, आणि म्हणून त्या बटणावर उघडझाप करता येणारे झाकण बसवावे. शक्य असल्यास सगळ्या साखळीचा पुरवठा फोर व्हील ड्राइव्हच्या दिव्याच्या संकेतावरून रिलेने तोडता-जोडता ठेवावा, म्हणजे टू-हायमध्ये बटण दाबले तरी काही होणार नाही.

इंजिनाच्या बाजूने आत येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायच्या रबरी कड्यातूनच, आणावी, नाहीतर पत्र्याच्या कडेने तिचे आवरण कापले जाते. सोलेनॉइड पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवावेत आणि हवेच्या नळ्या सायलेन्सरपासून दूर बांधाव्यात. काम झाल्यावर गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक लॉकर वेगवेगळा लावून पाहा : एक चाक हाताने फिरवल्यावर समोरचे चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. बटण सोडल्यावर ते सुटते का, हेही तेथेच तपासावे. शेवटी, या जोडणीची माहिती विमा कंपनीला लेखी कळवून तिची पोच गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.