कसब, कस आणि पारख

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. हस्तकलेच्या पुरस्कारासाठी आलेल्या वस्तू तपासायचा गुणतक्ता त्या मराठीत करत आहेत. मूळ तक्ता इंग्रजी. त्यातल्या ‘स्किल’साठी सगळे ‘कौशल्य’ सुचवतात, पण त्यांना ‘कसब’ हवासा वाटतो, कारण ‘त्यात कस आहे, म्हणजे कसाला उतरलेलं काम’. ही व्युत्पत्ती बरोबर आहे का, आणि ‘फिनिश’, ‘ओरिजिनॅलिटी’, ‘मास्टरपीस’ या शब्दांचं काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी व्युत्पत्ती. नाही, ‘कसब’ हा ‘कस’वरून आलेला नाही. ‘कस’ संस्कृत ‘कष’वरून आला. कष म्हणजे घासणं, आणि ज्यावर सोनं घासून बघतात तो दगडही. सोनार काळ्या दगडावर दागिना ओढतो, रेघ उमटते, शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढतो, दोन्हींवर तेजाब लावतो आणि कोणती रेघ किती टिकते ते बघतो. त्या दगडाची ‘कषपट्टिका’ प्राकृतातून घासत घासत आपली ‘कसोटी’ झाली. ‘बावनकशी’मधला ‘कशी’ही हाच.

‘कसब’ मात्र अरबी. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. मूळ अर्थ मिळवणं, कमावणं. कमाईवरून ज्याच्यावर कमाई होते तो धंदा, आणि धंद्यावरून त्या धंद्यातली हुशारी, असा तो सरकत आला. म्हणून मराठीत ‘कसब’ म्हटलं की नुसती हुशारी डोळ्यांपुढे येत नाही. रोज करून करून हातात मुरलेली आणि घर चालवणारी हुशारी डोळ्यांपुढे येते. हौसेने रविवारी मातीचा दिवा करणाऱ्याचा हात चांगला असू शकतो, पण त्याला आपण कसब म्हणायला थोडे अडखळतो. तुमचा तक्ता व्यवसाय म्हणून कला करणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा व्युत्पत्ती चुकली असली तरी शब्द तुम्ही अगदी नेमका निवडला आहे, आणि तो ठेवाच.

इथे एक गंमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठीत आणखी एक ‘कसब’ आहे, तो म्हणजे जर, काठापदरात विणतात ती सोन्या-चांदीची तार. ‘कसबी काठाचं लुगडं’ हा आजीच्या तोंडचा शब्दप्रयोग आठवत असेल. हा दुसराच अरबी शब्द. त्या भाषेत दोघांचे क आणि स वेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि वेगळे उच्चारतात. आपल्याकडे क एकच आणि स एकच, त्यामुळे दोन्ही एका घरात नांदायला लागले. गावाचा ‘कसबा’ या दुसऱ्या कसबाच्या गोत्रातला. म्हणजे पैठणी विणणाऱ्या बाई कसब हातात धरून कसब दाखवत असतात, आणि भाषेच्या हिशेबाने ते दोन वेगळे शब्द असतात.

आता तुमच्या प्रश्नात न आलेला, पण तुमच्या तक्त्याला सगळ्यात जवळचा शब्द: ‘पारख’. हा ‘परीक्षा’चाच प्राकृतातून झिजलेला अवतार. एकाच आईची दोन लेकरं. एक संस्कृत वेषात शाळेत गेलं, दुसरं बाजारात राहिलं. वापर बघा कसा वेगळा झाला. परीक्षा माणसाची घेतात, पारख वस्तूची होते. परीक्षा देणारा घाबरतो, पारख करणाऱ्याला स्वतःला ज्ञान लागतं. नाण्यांची पारख करणारा तो ‘पारखी’, आणि ते आडनाव आजही आपल्यात आहे. इंग्रजी तक्त्यात वर ‘इव्हॅल्युएशन’ असेल. तिथे ‘मूल्यमापन’ लिहिणं सोपं आहे, पण मूल्यमापनात मोजपट्टी पुढे येते, पारखीत डोळा पुढे येतो. हातकामाला डोळाच हवा.

ही पारख कशी होते ते मी येवल्यात एका मागापाशी पाहिलं आहे. घेणाऱ्या बाईंनी पदरावरच्या मोराचं कौतुक केलं. विणकराने काही न बोलता पदर उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. उलट बाजूलाही तोच मोर, त्याच रंगात. सुटे धागे लोंबत नव्हते, कापलेल्या टोकांची जाळी नव्हती. हातच्या पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो, तो त्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. त्यामुळे उलट-सुलट जवळजवळ सारखं दिसतं. यंत्रावरच्या नक्षीत जादा धागे मागून ओढत नेलेले असतात किंवा कापून टाकलेले असतात. मग त्याने बोटाने दोन मोरांच्या माना दाखवल्या. एकीत एक पायरी जास्त होती. ‘ही माझी, ती माझ्या मुलाची,’ तो म्हणाला. तिथे कागद नव्हता, गुण नव्हते.

अशीच पारख पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत. (पुन्हा कसबा!) तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देऊन जे मठारकाम करतात, ते बघायचं तर भांडं उजेडाकडे तिरपं धरायचं. ठोका सारखा बसला असेल तर उजेड रांगेरांगेने पुढे सरकतो, आणि जिथे हात चुकला तिथे तो मोडतो. ठोक्यांनी पत्रा कडकही होतो, म्हणजे ती नक्षी नुसती शोभेची नसते. तुमच्या तक्त्यात ‘फिनिश’चा रकाना आहे. तिथे तांबटाच्या कामाला ‘चकाकी’ म्हणाल तर गुण यंत्रावरच्या पॉलिशला जातील.

‘फिनिश’साठी मी ‘सफाई’ सुचवतो. ‘कामात सफाई आहे’ हे मराठी कारागीर आणि गिऱ्हाईक दोघंही म्हणतात. एकच काळजी घ्या, ‘हातसफाई’ असा समास करू नका, त्याने खिसेकापू आठवतो. ‘कामाची सफाई’ असं सुटं ठेवा. ‘वर्कमनशिप’चा वेगळा रकाना असेल तर एकाच शब्दाचा हट्ट नको. विणकरीला ‘वीण’, धातूला ‘घडण’, चपलेला ‘शिवण’ असं कलेप्रमाणे बदला. कोल्हापुरी चपलेचं चांगुलपण चामड्याच्या वादीच्या शिवणीत असतं, त्या जागी ‘कारागिरी’ असा मोघम शब्द टाकून परीक्षकाच्या डोळ्याला काहीच दिशा मिळत नाही.

‘ओरिजिनॅलिटी’ मात्र अवघड आहे आणि तिथे थांबून विचार करायला हवा. मराठीत दोन शब्द पुढे येतात, ‘मौलिक’ आणि ‘अस्सल’. मौलिकमध्ये ‘मूळ’ आहे. अस्सलमध्ये अरबी ‘अस्ल’ आहे, त्याचाही अर्थ मूळ. इंग्रजी शब्दही उगमावरूनच आला आहे. तिन्हींच्या पोटात एकच कल्पना, पण वापरात तोंडं उलट दिशांना. अस्सल काम परंपरेला धरून असतं, मौलिक कल्पना कुणी आधी मांडलेली नसते. बांगडी मोर किंवा असावली ही पैठणीची जुनी नक्षी काढणारा विणकर अस्सल आहे, तो नवं काही सांगत नाही. त्याला ‘मौलिकते’च्या रकान्यात शून्य मिळावं का? माझं स्पष्ट मत, मिळू नये. हा एक रकाना दोन करा: ‘अस्सलपणा’ आणि ‘कल्पकता’. मूळ तक्ता करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्यांना विचारून घ्या, कारण इथे शब्दावर एखाद्याचा पुरस्कार अवलंबून आहे.

‘मास्टरपीस’ला ‘अप्रतिम कलाकृती’ म्हणू नका. या शब्दाचा जन्मच तुमच्या विषयातला आहे. युरोपातल्या कारागिरांच्या संघटनांत उमेदवाराने एक वस्तू स्वतः करून उस्तादांपुढे ठेवायची, ती पसंत पडली की तो स्वतः उस्ताद म्हणून काम करायला मोकळा. त्या वस्तूचं हे नाव. पुढे अर्थ फुगला. आपल्याकडे वस्तूला कारखानदार आणि दुकानदार दोघंही ‘नग’ म्हणतात. अर्जासोबत जी वस्तू ठेवायची तिला ‘कसोटीचा नग’ म्हणावं असं मला वाटतं. ‘नमुना’ही चालला असता, पण मराठीत तो माणसांना उद्देशून वापरून बिघडला आहे.

राहिला ‘कौशल्य’. याच्यावर माझा राग नाही. ‘कुशल’ची परंपरेने सांगितलेली फोड सुरेख आहे: कुश म्हणजे दर्भ, तो हात न कापता तोडून आणणारा तो कुशल. म्हणजे तोही हाताचाच शब्द. पण आज तो योजनांच्या भाषेत फार फिरतो. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात आधी कौशल्याची पडताळणी, मग ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण. त्या चौकटीत कौशल्य म्हणजे दिवसांत शिकवता येणारी गोष्ट, आणि अवजारांच्या मदतीसाठी, कर्जासाठी तो अर्थ बरोबरच आहे. पुरस्काराच्या तक्त्यात मात्र ३० वर्षांचा हात तपासायचा असतो.

मग कारागिराला ‘कसबी’ का म्हणू नये, असं तुम्ही पुढे विचाराल. म्हणावं, असं मला मनापासून वाटतं, पण अडचण तुम्हाला माहीत असावी. ‘कसब’मधला कमाईचा अर्थ एका बाजूला हुशारीकडे गेला आणि दुसऱ्या बाजूला ‘कसबीण’कडे, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या बाईकडे. पुरस्कार घेणाऱ्यांत विणकर, भरतकाम करणाऱ्या बायका असतात. त्यांच्या नावापुढे कागदावर ‘कसबी’ लिहिलं तर कुणीतरी हसेल, आणि ते त्यांनी सोसावं असं मी म्हणणार नाही. ‘कसबी कारागीर’ असा जोड वापरा, मग संशय राहत नाही.

‘शिल्पगुरू’ या हस्तकलेच्या पुरस्काराच्या नावाबद्दल कुणी आक्षेप घेतला तर सांगा, संस्कृतात शिल्प म्हणजे कोणतीही हातकला. मराठीत तो दगड-मूर्तीपुरता आक्रसला. केंद्र सरकारचे हस्तकलेचे राष्ट्रीय पुरस्कार १९६५पासून आहेत आणि शिल्पगुरू २००२पासून, तिथे जुना व्यापक अर्थ धरलेला आहे. हातमागाच्या विणकरांसाठी संत कबीर पुरस्कार वेगळा आहे.

तक्ता पूर्ण झाला की त्यात एक रकाना इंग्रजीत नसला तरी घाला. कापड, भरतकाम, चपला, टोपल्या, सगळ्यांना लागू पडेल. नाव साधं ठेवा: ‘उलट बाजू’.