वाचकांचे प्रश्न: "मग मी हे सगळं फुकट करते का?"

प्रश्न: मावशी, सलाम. मी मूळची नगरची, माहेर सीएनआय, म्हणजे प्रोटेस्टंट (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). लग्न होऊन वसईला आले, सासरचे कॅथलिक आहेत. सासूबाई रोज पहाटे मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातात, गल्लीत कोणी आजारी असलं की डबा पोचवतात. परवा बोलता बोलता मी म्हटलं की आपलं तारण (पापातून सुटका) फक्त विश्वासाने होतं, कामांनी नाही. त्या म्हणाल्या, "मग मी हे सगळं फुकट करते का?" आणि बायबलातलं याकोबाचं पत्र उघडून समोर ठेवलं. मला काही बोलताच आलं नाही. बरोबर कोण?

उत्तर: ताई, सलाम. सासूबाईंचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. "फक्त विश्वासाने" हे आपण संडे स्कूलपासून पाठ केलेलं असतं आणि बोलतो पण असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या डब्याची देवाला काही पडलेलीच नाही. ज्याच्या पत्रांतून आपण हे घेतो त्या प्रेषित पौलाच्या तोंडी असं कुठेच नाहीये.

आधी वचन बघू. रोम 3:28 मधे पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो, आणि याकोब 2:24 मधे आहे की माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. आपल्या मराठी बायबलात एकीकडे कर्मे आणि दुसरीकडे क्रिया असं छापलंय म्हणून काहीजण म्हणतात विषयच वेगळा आहे, पण मूळ ग्रीकमधे दोन्हीकडे शब्द एकच, एर्गा, त्यामुळे एवढ्यावर सुटका होत नाही. शिवाय दोघं दाखलाही एकाच माणसाचा देतात, अब्राहामाचा! पण पान वेगळं उघडतात. पौल उघडतो उत्पत्ती 15. अब्राहामाला मूलबाळ नाहीये, देव त्याला रात्री बाहेर नेऊन तारे दाखवतो, तुझी संतती एवढी होईल म्हणतो, आणि हा माणूस ते खरं मानतो, तेवढ्यावर देव त्याला नीतिमान गणतो. तेव्हा सुंता झालेली नव्हती, ती दोन अध्याय पुढे आहे, आणि मोशेचं नियमशास्त्र तर शेकडो वर्षांनी आलं. याकोब उघडतो उत्पत्ती 22, तिथे त्याचा मुलगा इसहाक होमाची लाकडं वाहून नेण्याएवढा मोठा झालाय आणि देवाच्या सांगण्यावरून बाप त्याला बळी द्यायला वेदीकडे घेऊन चाललाय. मधे कितीतरी वर्षं गेलीत. ताऱ्यांखाली जो विश्वास ठेवला तो एवढ्या वर्षांनी डोंगरावर खरा निघाला, पूर्ण झाला, असं याकोबाचं म्हणणं आहे.

आणि दोघांच्या समोर बसलेली माणसं कोण होती तेही बघ. पौलाच्या मंडळ्यांमधे परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना सांगितलं जात होतं की आधी सुंता करा, नियम पाळा, मग तुम्ही पूर्णपणे देवाचे. याकोबाच्या समोरचे लोक असे की सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा, गरिबाला सांगायचं तू उभा राहा नाहीतर खाली बस, आणि अंगावर कपडा नसलेल्या, पोटात अन्न नसलेल्या बहिणीला म्हणायचं, सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा, आणि द्यायचं काहीच नाही. असल्या विश्वासाने तारण होईल का, असं तो विचारतो. देव एकच आहे असं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हेही त्याच अध्यायात आहे. मला वाटतं पौल त्या सभेत असता तर तो याकोबापेक्षा जास्त चिडला असता. गलती 5:6 त्याचंच आहे ना, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास.

आता आपल्याकडची अडचण. आपण महाराष्ट्रात वाढलो, पाप-पुण्याचा हिशोब, चित्रगुप्ताची वही, नवस फेडणं हे आजूबाजूला सतत ऐकलंय, त्यामुळे ख्रिस्ती माणूसही नकळत तसाच विचार करतो, एवढी प्रार्थना केली, एवढं अर्पण टाकलं, आता देवाने बघावं. आणि आयुष्याच्या शेवटी भीती वाटते की पुरेसं झालं का. माझ्या वडिलांना वाटायची. तीस वर्षं मंडळीची सेवा केलेला माणूस शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाला, माझं काही कमी तर पडलं नसेल ना गं? त्या रात्री मी त्यांना इफिस 2 मोठ्याने वाचून दाखवलं, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, हे देवाचं दान आहे, तुमच्या हातून झालेलं नाही. त्यांना झोप लागली. म्हणून हे वचन माझ्यासाठी नुसता वादाचा मुद्दा नाही. पण 8 आणि 9 ओवी पाठ करणारे आपण 10वी सोडून देतो, तिथे लिहिलंय की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला निर्माण केलंय.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याबाबतीत मला फार जवळचं वाटतं. 1883 मधे इंग्लंडमधे वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मधे मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी एवढं मोठं काम, लोकांचा केवढा विरोध सोसून. आणि तरी त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की तोवर मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपण जसे आहोत तसेच त्याच्याकडे जायचंय. म्हणजे सत्कर्मं आधीपासून होती बघ, आणि भरपूर होती! पण शांती त्यातून आली नाही. बरं मग काम थांबलं का? 1896-97 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आली, केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. नंतरचं काम आधीपेक्षा मोठं झालं, कारण आता त्यातून देवाकडून काही मिळवायचं राहिलं नव्हतं.

सासूबाईंच्या बाजूचंही सांगते. कॅथलिक लोक कामांनी तारण विकत घेतात असं आपल्याकडे सर्रास बोलतात, ते खरं नाही. 1517 मधे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर उभा राहिला तेव्हा दंडमाफीची पत्रं (पापाच्या शिक्षेतून सूट देणारी) पैशाने मिळत होती हे खरं, आणि ते भयंकरच होतं, गरिबांच्या भीतीवर चाललेला व्यवहार. पण त्यांच्याच ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मधे पहिल्याच नियमात म्हटलं की कृपेवाचून स्वतःच्या कामांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणारा शापित असो. "केवळ विश्वासाने" या शब्दांना मात्र त्यांनी त्याच सभेत नकार दिला, आणि कृपेत केलेल्या सत्कर्मांना देवाकडे प्रतिफळ किती, नीतिमत्त्व त्यांनी वाढतं का, इथे आपला आणि त्यांचा फरक आजही आहे, तो लपवू नये. तरी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्जबर्गला लुथरन आणि कॅथलिक दोघांनी एका निवेदनावर सह्या केल्या की आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी तयार करतो. नंतर 2006 मधे मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. एवढं वाचलंस तरी सासूबाईंशी बोलायला जागा होईल.

तेव्हा आज संध्याकाळी त्यांना सांग की आई, तुमचा डबा फुकट नाही, तो तारणाची किंमत म्हणूनही नाही, ज्याने तुम्हाला आधीच आपलं म्हटलंय त्याच्या प्रेमाचं ते काम आहे. आणि त्यांना विचार, मरणाच्या वेळी तुमचा भरवसा डब्यांवर असेल की येशूवर? त्या काय म्हणतील याची मला जवळजवळ खात्री आहे. मग उद्याचा डबा तू घेऊन जा.

प्रश्न: येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराने तर काहीच केलं नव्हतं, तरी तो त्याच दिवशी सुखलोकात गेला. मग आपण का करायचं?

उत्तर: दादा, लूक 23 परत वाचा, त्याने केलं. हातपाय खिळलेले होते, मोकळी होती फक्त जीभ. तिने त्याने दुसऱ्या अपराध्याला दटावलं, माझी शिक्षा रास्त आहे हे कबूल केलं, येशू निर्दोष आहे अशी सगळ्यांसमोर साक्ष दिली, तीही शिष्य पळून गेलेले असताना. त्याच्याकडे काही तास होते आणि ते त्याने वापरले. त्याचं तारण या बोलण्याची मजुरी म्हणून झालं नाही, ते प्रभूने दिलं, पण त्याचा विश्वास गप्प बसला नाही. तुमच्याकडे तर दोन्ही हात मोकळे आहेत.

प्रश्न: एका सभेत प्रचारकांनी सांगितलं की दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) दिला नाही तर तारण जाईल. माझे मिस्टर दोन महिने घरी बसून आहेत, मुलीची फी थकलीय. रात्र रात्र झोप येत नाही.

उत्तर: बाई, ते जे बोलले ते शुभवर्तमान नाही आणि तुम्हाला अशी भीती घातली याचा मला मनापासून राग आलाय. लूक 18 मधे मंदिरात दोन माणसं प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा, लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. प्रभू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. दशांश देणारा नाही गेला! अर्पण संतोषाने द्यायचं असतं, ज्याच्याकडे जसं असेल तसं, 2 करिंथ 8 आणि 9 वाचा. या महिन्यात मुलीची फी भरा, आणि घरची अडचण आपल्या पाळकसाहेबांना मोकळेपणाने सांगा, अशा वेळी मंडळीने तुम्हाला द्यायचं असतं.