रॉक ऐकायला सुरुवात करतोयस? आधी तीनच बँड घे

मित्रा, रॉक ऐकायला सुरुवात करायची म्हणून तू चाळीस बँडची यादी केली आहेस, ती बाजूला ठेव. पहिले दोन महिने बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि ब्लॅक सबाथ, एवढेच पुरेत.

बीटल्सच्या निवडक गाण्यांच्या संग्रहापासून सुरुवात करू नकोस. जवळजवळ सगळे तिथेच चुकतात. आधी १९६३चा 'प्लीज प्लीज मी' ऐक. त्यातली बहुतेक गाणी एकाच दिवसात रेकॉर्ड झाली. मग १९६६चा 'रिव्हॉल्व्हर' लाव, क्रमाने, शफल बंद करून. तीनच वर्षांत ही पोरं कुठल्या कुठे पोहोचली ते ऐकून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. शेवटच्या गाण्यात उलटी वाजवलेली टेप आहे आणि 'लव्ह यू टू'मध्ये सतारीबरोबर तबला. तो वाजवणाऱ्या अनिल भागवतांचं नाव अल्बमच्या कव्हरवर आहे.

स्टोन्सनी स्वतःचं नाव मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या गाण्यावरून घेतलं. म्हणून त्यांच्यासोबत थोडा मडी वॉटर्सही ऐक. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वगळलंस तर रॉकचं मूळच हातातून निसटेल.

सबाथचा १९७०चा 'पॅरानॉइड' घे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली होती. घरी बनवलेल्या टोप्या बोटांवर चढवून तो गिटार वाजवायचा.

आणखी दोन गोष्टी:
- फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बेस गिटार हरवते. साधे हेडफोन चालतील.
- एखादा अल्बम पहिल्यांदा आवडला नाही, तर आठवड्याने पुन्हा लाव.

मोनो की स्टिरिओ, कोणती आवृत्ती, हे सगळं नंतर बघू. आज रात्री 'प्लीज प्लीज मी' लाव, अर्ध्या तासाचाच आहे.